टोला आणि ताबा

मराठी माणसाला ‘जोर’ या शब्दाचे फार वेड आहे. गाडी चिखलात रुतली, लाव जोर. पोरगा विहिरीत उतरला, लाव जोर. परीक्षा तोंडावर आली, लाव जोर. जोर कोठून निघतो, कोठे पोचतो आणि वाटेत किती सांडतो, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. जो विचारील त्याला आपण आळशी म्हणतो. हे वेड निरुपद्रवी असते तर दिवाळीच्या फराळाबरोबर त्याचीही चव घेऊन मी गप्प बसलो असतो. पण ते निरुपद्रवी नाही. शाळेच्या मैदानावरून बारीक अंगाची पोरे आणि बहुतेक साऱ्या मुली ज्या एका शब्दाने हाकलल्या जातात, तो शब्द हाच. म्हणून या वेडाविरुद्ध दोन शब्द बोलण्याचे मी ठरविले आहे. आणि त्यासाठी साक्षीला बोलाविणार आहे तो एक अगदी परका वाटणारा खेळ. त्याचे नाव गोल्फ. त्यातही ‘ड्रायव्हर’ नावाच्या लांब काठीने मारायचा पहिला टोला.

“मास्तर, डोके ठिकाणावर आहे ना?” असे गंगाखेड, पाथरी, सेलू, जिंतूरकडचे वाचक विचारतील, हे मला ठाऊक आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे हिरवळ शिंपणाऱ्या खेळाचे कौतुक कशाला? रास्त प्रश्न आहे. वाचकहो, आमच्या काळ्या रानात गोल्फचे मैदान करा असे मी म्हणत नाही. कोणी करू लागला तर त्याच्या आडवा जाणारांत मीही असेन. पण मैदानाला कुंपण असते, ज्ञानाला नसते. एक चेंडू लांब आणि नेमका कसा जातो, याचा माणसाने जेवढा कसून विचार गोल्फमध्ये केला आहे तेवढा क्वचितच दुसरीकडे केला असेल. तो विचार फुकट मिळत असता साहेबाचा म्हणून टाकून देणे हा शहाणपणा नव्हे.

शिवाय तो आता नुसता साहेबाचा राहिलाही नाही. कलकत्त्याला गोल्फचा क्लब निघाला १८२९ साली, मुंबईला १८४२ साली. साहेब तेव्हा खेळत आणि आमची माणसे पिशव्या वाहत. मुंबईत चेंबूरला १९२७ सालापासून प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या पिशवीवाल्या पोरांनी, म्हणजे कॅडींनी, लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि घरांच्या अरुंद गल्ल्यांतून स्वतःचा गोल्फ मांडला. परदेशी छायाचित्रकार येऊन त्यांची चित्रे काढून गेले. त्या गल्लीत जोर लावून चालत नाही. चार हात इकडेतिकडे झाले की चेंडू कोणाच्या तरी चुलीत! तेथे आधी ताबा शिकावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ड्रायव्हर ही पिशवीतली सर्वांत लांब काठी. साधारण पंचेचाळीस इंचांची. नियमाने ४८ इंचांहून अधिक चालत नाही, आणि २०२२ पासून मोठ्या धंदेवाईक सामन्यांत ४६ इंचांची मर्यादा घालण्याची मुभा आहे. तिचे डोके ४६० घन सेंटिमीटरपर्यंत मोठे असू शकते. चेंडूचे वजन सुमारे ४६ ग्रॅम. एवढ्याशा चेंडूला सव्वादोनशे-अडीचशे वार पाठवायचे आणि ठरल्या पट्ट्यात पाडायचे. अंतर आणि ताबा, दोन्ही एकदम हवेत. आणि येथेच जोरवाल्यांची पहिली थाप सुरू होते. ते म्हणतात, “अंतर हवे असेल तर ताबा सोड, ताबा हवा असेल तर अंतर सोड.” जणू एका घरातल्या त्या दोन सवती!

मी पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण हा हिशेब मॅट्रिकच्या आतला आहे. काठीचे डोके चेंडूला किती वेळ शिवते? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. टोला बसला ही बातमी हातातून मेंदूपर्यंत पोचण्याच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. मग त्या क्षणी दात-ओठ खाऊन, मुठी आवळून, मनगटाला हिसका देऊन तुम्ही चेंडूला काय सांगणार? तो ऐकायला थांबतच नाही. त्याला जे सांगायचे ते आधी सांगून झालेले असते: पाय कोठे रोवले, काठी कशी धरली, कंबर केव्हा वळली, काठीचे तोंड कोणीकडे होते. ताबा टोल्यानंतर येत नाही, टोल्यातही येत नाही. तो टोल्याआधी येतो. आणि लांबी हे त्याच ताब्याचे फळ आहे, हे माझे म्हणणे मी आता सिद्ध करतो.

चेंडू काठीच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर बसला तर काठीच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट वेगाने निघतो. तो बोटभर बाजूला बसला की वेग घटतो आणि वर तो भलतीकडे वळतो. म्हणजे काय? जोर वाढवून तुम्ही काठीचा वेग थोडासा वाढविलात आणि त्या धडपडीत मध्य हुकलात, तर पदरचे चार आणे घालून बारा आणे गमावलेत. दुसरा हिशेब दिशेचा. काठीचे तोंड एक अंश फिरलेले असेल तर दोनशे वारांवर चेंडू साडेतीन वार बाजूला पडतो. पाच अंश फिरलेले असेल तर साडेसतरा वार, म्हणजे पस्तीस हात! टोला जितका लांब, तितकी चूकही लांब जाते. म्हणून ज्याला लांब मारायचे आहे त्याला ताब्याची गरज कमी नाही, अधिक आहे. जोरवाले नेमके याच्या उलट शिकवितात.

तिसरी गोष्ट एडिंबरोच्या एका प्राध्यापकाची. पीटर गथ्री टेट हे त्यांचे नाव. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचे गणित मांडले आणि दाखविले की, चेंडूला मिळणारी उलटी फिरकी त्याला हवेत तोलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा त्या काळचा नामांकित खेळाडू. १८९६ आणि १८९८ साली त्याने ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. फिरकी बेताची असली तर चेंडू तरंगत दूर जातो. फार झाली तर नुसता आभाळात चढतो आणि थकलेल्या पतंगासारखा जवळच उतरतो. जोराच्या भरात वरून खाली छाटलेल्या चेंडूला नेमकी हीच जादा फिरकी बसते. म्हणून ड्रायव्हरसाठी चेंडू ‘टी’ नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवतात, आणि काठी तळ गाठून किंचित वर येऊ लागली की तेव्हा तो उचलायचा असतो.

“हे सारे खरे, पण वेग तरी कोठून आणायचा? वेगाला जोर लागतोच ना?” लागतो. पण तो दंडात नसतो. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभी राहून पाखरे हाकणारी बाई तुम्ही पाहिली आहे काय? तिचे मनगट बांगडीत सैल फिरते. पण तिच्या गोफणीतला गुंडा पट्ट्याच्या पार टोकाला जाऊन पडतो. त्याच गोफणीने एखादा तालीमबाज पाहुणा गुंडा मारू जातो तेव्हा तो मागच्या बाभळीत जातो, नाहीतर पुढच्या बैलावर. फरक कशाचा? ती बाई पाय रोवते, कंबर वळवते, मग खांदा, मग हात आणि सर्वांत शेवटी गोफणीची दोरी सुटते. प्रत्येक जण आपले काम करून थांबतो आणि आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. आसुडाचे असेच. मुठीकडचा भाग संथ, पण टोक कडाडते. ड्रायव्हरचा टोला म्हणजे गोफण आणि आसूड यांचा भाऊ आहे. जमिनीतून पाय, पायांतून कंबर, कंबरेतून छाती, छातीतून हात, हातांतून काठी. जोरवाला काय करतो? तो सर्वांत शेवटी यायच्या हातांना सर्वांच्या आधी धाडतो. वरातीत नवरदेवाच्या आधी आचारी घोड्यावर बसावा, तसा प्रकार!

आणि मुसळाचे काय? गंगाखेड ही जनाबाईंची भूमी. जाते, उखळ, मुसळ यांचे महत्त्व आम्हांला कोणी सांगायला नको. कांडणाऱ्या बाईने मुसळ कधी दाबले आहे का? ती ते उचलते, सरळ धरते आणि पडू देते. दाबील तर दोन पायली होण्याआधी हात भरून येतील आणि दाणा उखळाबाहेर उडेल. वजनाला त्याचे काम करू द्यावे, ही विद्या आमच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे; आणि त्यांच्याच मुलींना आम्ही मैदानावर सांगतो की, “तुमच्यात जोर नाही, बाजूला बसा!”

जोरवाल्यांचा एक चुलतभाऊ आहे, तो म्हणजे दुकानदार. तो म्हणतो, “जोर नसेल तर पैसा आणा.” आज नामांकित कंपनीच्या एका ड्रायव्हरची किंमत पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते. दरवर्षी नवे डोके, नवी दांडी, नवा रंग आणि तेच जुने आश्वासन. काठी सुधारली आहे हे मी नाकारीत नाही. १९७९ साली लाकडाऐवजी धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आला, १९९१ च्या ‘बिग बर्था’ने डोके आणखी मोठे केले, आणि मोठ्या डोक्याने थोडीफार चूक पोटात घातली. पण १९७४ साली अमेरिकेत लास व्हेगासला माइक ऑस्टिन या गृहस्थाने सामन्यात मारलेला टोला ५१५ वार गेला. वय ६४, हातात लाकडी डोक्याचा ड्रायव्हर. पाठीशी सोसाट्याचा वारा होता हे खरे. पण तो काही दुकानात मिळत नाही. शरीराची हालचाल कशी होते याचा त्या माणसाने आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि तोही दुकानात मिळत नाही.

आता विरोधकांच्या भात्यातला सर्वांत चांगला बाण मीच काढून देतो. अठरा मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलसला त्याच्या गुरूने, जॅक ग्राउट यांनी, लहानपणी सांगितले होते की, आधी लांब मार. सरळ मारणे मागून येईल. आणि कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात आकडेवारीने दाखविले की, वरच्या दर्जाच्या खेळात लांब मारणाऱ्याला खरोखरच फायदा होतो. दोन्ही गोष्टी मान्य. लांबीला मी कमी लेखीतच नाही. माझे भांडण लांबीशी नाही, जोराशी आहे. ग्राउट गुरुजींची दुसरी गोष्ट मात्र जोरवाले सांगत नाहीत. पोराचे डोके हलू नये म्हणून ते आपल्या मदतनिसाला समोर उभे करीत आणि त्याला जॅकचे केस धरून ठेवायला लावीत! डोके हलले की केस ओढले जात आणि डोळ्यांत पाणी येई. याला काय म्हणावे, मोकळे सोडणे? ‘लांब मार’ म्हणजे मोठा फेरा घे, अंग पुरते वळव, पण आस हलू देऊ नकोस, असा त्याचा अर्थ होता. जात्याचा पाळू फिरतो, मधली खीळ जागेवर असते. ती खीळ हलू लागली की दळणे संपले.

आणखी दोन साक्षी ऐका. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पापवा सेवगोलुम नावाचा एक भारतीय वंशाचा कॅडी होता. त्याची काठी धरण्याची रीत उलटी. वरचा हात खाली, खालचा वर. शास्त्री हसले असतील. पण त्या उलट्या मुठीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली, आणि १९६३ साली डर्बनलाच नाताळची खुली स्पर्धा. तेथल्या वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबघरात पाऊल टाकता आले नाही. त्याचा करंडक त्याला बाहेर, पावसात देण्यात आला. पुढे सरकारने त्याला खेळूच दिले नाही. तो खेळत होता तेव्हा त्याच्यापाशी काय होते? पैसा नव्हता, मान नव्हता, ‘शास्त्रोक्त’ पकडही नव्हती. होता तो स्वतःच्या अंगाचा पक्का परिचय.

दुसरी साक्ष अलीकडची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक खेळत होती. पिशवी वाहायला तिची आई. त्याच वर्षी तिला करोना होऊन गेला होता, आणि टोल्याच्या लांबीत ती मैदानावरच्या अगदी शेवटच्यांत होती. तरी अखेरच्या दिवशी शेवटच्या खड्ड्यापर्यंत ती पदकाच्या शर्यतीत राहिली आणि एका फटक्याच्या फरकाने चौथी आली. जोरवाले म्हणतील, लांबी असती तर पदक मिळाले असते. मी म्हणतो, ताबा नसता तर तिचे नाव तरी आपल्याला कळले असते काय?

टीका खूप झाली. मास्तराने उपाय सांगितल्यावाचून तास संपवू नये. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी तो असा आहे. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद. चेंडू डाव्या टाचेच्या समोर. खुंटी इतकी उंच की, चेंडूचा वरचा अर्धा भाग काठीच्या डोक्यावर दिसावा. उजवा खांदा डाव्याहून जरा खाली. काठी तळव्यात नव्हे, बोटांत. पाखराचे पिल्लू धरावे तशी, उडू नये आणि गुदमरूही नये. काठी मागे नेताना पाठ लक्ष्याकडे वळेपर्यंत सावकाश वळावे. खाली येताना आधी डावा पाय जमिनीत रुजावा, मग कंबर फिरावी. हातांनी मागून यावे. आणि चेंडू जमिनीवर उतरेपर्यंत शेवटच्या पवित्र्यात स्थिर उभे राहावे. तोल गेला तर समजावे की, अंगाला झेपेल त्याहून अधिक मागितले. चेंडू सारखा उजवीकडे वळत असेल तर जोर वाढवू नये. काठीचे तोंड उघडे राहते आहे, पकड पाहावी. वेग कमी असणाऱ्याने कमी कोनाची ‘पहिलवानी’ काठी मिरवू नये. अधिक कोनाचीच घ्यावी, चेंडू हवेत राहील. आणि घाबरल्यासारखे वाटले तर काठी इंचभर खाली धरावी. काठी आखूड झाली, मध्य सापडू लागला, की टोला कमी न होता पुष्कळदा वाढतो.

माझा एक जुना विद्यार्थी, काडीसारखा, पुण्याकडे एका मैदानावर पिशव्या वाहतो. तेथे त्याने काठी हातात घेतली तेव्हा एका शिकविणाऱ्याने त्याला ऐकविले, “भाकरीवर वाढलेल्या हाडांचे हे काम नाही.” पोरगा दिवाळीला गावी आला तेव्हा मी त्याला विटी-दांडू खेळणाऱ्या पोरांत नेऊन उभे केले. सर्वांत लांब टोला कोणाचा होता? सातवीतल्या एका किडकिडीत पोराचा. विटी टोकावर हलकेच उडवायची, ती डोळ्यांसमोर थांबल्यासारखी झाली की मध्यावर दांडू; आणि मग मोजणी, वकट, लेंड, मुंड, नाल! धिप्पाड पोरांचे दांडू हवेतून फिरून त्यांनाच गोल फिरवीत होते. माझा विद्यार्थी काही बोलला नाही. पण परत जाताना त्याने त्या पोराचा दांडू हातात घेऊन बराच वेळ तोलून पाहिला.

म्हणून माझी मागणी गोल्फच्या मैदानाची नाही. ती आमच्या शाळांच्या मैदानांची आहे. वेळापत्रकात खेळाचा तास असतो आणि गणिताचे मास्तर तो उसना नेतात, तो परत कधी येत नाही. उरलासुरला तास मिळाला की धिप्पाड चार पोरे खेळतात आणि बाकीची टाळ्या वाजवितात. हे थांबले पाहिजे. मुलाला ‘जोर लाव’ म्हणणे सोपे असते, कारण त्यात शिकविणाऱ्याला काहीच शिकवावे लागत नाही. कोणता पाय आधी, कोणती कंबर मग, मध्य कोठे, हे सांगायला स्वतः पाहावे लागते, वाकावे लागते, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. जोराची आज्ञा ही आळशी गुरूची आज्ञा आहे.

वाचकहो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. भाऊबीजेला सारी भावंडे जमतील. अंगणात एक सरळ, वाळलेली तुराटी घ्या. पाय रोवून, समोर चेंडू आहे असे कल्पून ती फिरवा आणि ‘सूं’ असा आवाज कोठे होतो ते कान देऊन ऐका. जोर लावणाऱ्याचा आवाज खांद्याच्या मागेच होऊन जाईल. म्हणजे वेग चेंडूपाशी पोचण्याआधीच खर्च झाला. हात सैल सोडून कंबरेला पुढे जाऊ देणाऱ्याचा आवाज चेंडूपाशी, किंबहुना किंचित पुढे होईल. दादाला आधी फिरवू द्या, मग भाऊजींना. आणि मग ती तुराटी धाकट्या बहिणीच्या हाती द्या. तिला जोर लाव म्हणू नका. नुसते शांत बसा आणि ऐका.